लिहून घेणार क्रमांक एक

एखाद्या घरात माणसंही राहतात, ही गोष्ट ज्याच्या सगळ्यात शेवटी ध्यानात येते असा इसम साऱ्या जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. मामा कोणाच्याही दारात गेले की चपला काढायच्या आधी चारी दिशांना मान फिरवतात, आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकतात आणि पाण्याचा तांब्या समोर आला की त्याला हात न लावता विचारतात, "घर नावावर कोणाच्या?" उत्तर मिळेपर्यंत पाणी नाही. माझ्या लग्नात ते मुलीचे मामा म्हणून अंतरपाटाजवळ उभे होते, तिथंही त्यांनी माझ्या वडिलांना हळूच हा प्रश्न विचारला होता. वडील गडबडून म्हणाले, माझ्याच. मामांनी मान डोलावली आणि मगच मंगलाष्टकांकडे लक्ष दिलं. पाहुण्यांना वाटलं, मामा मुलीसाठी फार हळवे झालेत.

मामांनी अंबडला चाळीस वर्षं खरेदीखतं लिहिली. तहसीलच्या आवाराबाहेर त्यांचं टेबल होतं, आणि ते टेबल विकून टाकल्याला आता बारा वर्षं झाली तरी मामा त्याच्यामागून काही उठलेले नाहीत. ते बोलतात ते खरेदीखतासारखं. एकदा जालन्यात मी त्यांना फोनवर विचारलं, कुठं थांबलात? म्हणाले, "पूर्वेस रसवंती, पश्चिमेस नाली, उत्तरेस मोबाइलचं दुकान, दक्षिणेस सरकारी रस्ता. या चतुःसीमेच्या आत उभा आहे." मी बिनचूक त्यांच्यापाशी पोचलो, हेही सांगितलं पाहिजे. लग्नपत्रिका आली तर ते ती तीनदा वाचतात आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं वाचल्याची खूण करतात. कोऱ्या कागदावर सही करणं त्यांच्या लेखी इतकं मोठं पाप आहे, की नातवाच्या शाळेच्या वहीवर सही करतानाही ते आधी वरची रिकामी जागा आडव्या रेघेनं बंद करून टाकतात. पोरगं मार खाऊन आलं, पण मामांचा नियम काही बदलला नाही.

असे हे मामा कुठल्याही कागदाला नाही म्हणत नाहीत. गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणी, मृत्युपत्र, काहीही घेऊन जा, चष्मा पुसत पुसत लिहायला बसतात, पैसेही घेत नाहीत. फक्त एक कागद ते लिहीत नाहीत, तो म्हणजे हक्कसोडपत्र. आमच्याकडे वडील गेले की बहिणींना बोलावतात, जेवू घालतात, साडी नेसवतात आणि वडिलांच्या घरादारावरचा आमचा हक्क आम्ही राजीखुशीनं सोडला, अशा कागदावर त्यांची सही घेतात. घरोघर हेच चालतं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं. माझे वडील गेल्यावर आष्टीचं घर आणि चार एकर माझ्या थोरल्या भावाच्या आणि माझ्या नावावर व्हायचं होतं, आणि धावड्याला दिलेल्या ताईची सही राहिली होती. घरातच लिहिणारा असताना बाहेर कशाला, म्हणून मी मामांना मसुदा करायला सांगितलं. मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. म्हणाले, "ते लिखाण सोडलं मी." का सोडलं विचारलं तर उठून बसस्टँडच्या वाटेला लागले. मला वाटलं, म्हातारपणी माणसाला खोड लागते, तसली काही असेल.

आता घराचं सांगतो. मी बियाण्यांच्या कंपनीत माल रवाना करायच्या खात्यात आहे. जालन्यात आठ वर्षं आम्ही किरायाच्या खोलीत काढली. गेल्या हिवाळ्यात एका मारवाडी शेठजींचं दोन खोल्यांचं बैठं घर विकायला निघालं. शेठजींचं घराणं चार पिढ्यांपासून जालन्यात, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ, पण मुलगा पुण्याला, म्हणून सगळं आवरून ते तिकडं निघाले होते. बायकोनं, म्हणजे मंगलनं, ते घर बघितलं आणि परत येताना रिक्षात एक शब्द बोलली नाही. ती गप्प बसते तेव्हा तिला एखादी गोष्ट फार हवी असते, एवढं मला आठ वर्षांत कळलं होतं. मी शेठजींशी तीन आठवडे घासाघीस केली आणि तिसाचं घर अठ्ठावीस लाखांत ठरवलं. छाती फुगवून मामांना फोन केला. मामा पहिल्या बसनं आले.

त्यांनी स्वयंपाकघरातल्या दोन वाट्या मागवून घेतल्या आणि समोर पालथ्या घातल्या. एक वाटी माझा सौदा. दुसरी सरकारचा भाव, ज्याला रेडी रेकनर म्हणतात. सरकार गावोगावी, पेठेपेठेत, कुठं काय दर धरायचा ते छापून मोकळं होतं. त्या हिशेबानं या घराची किंमत निघत होती तीस लाख. मुद्रांक शुल्क म्हणजे खरेदीवरचा सरकारचा कर, आणि तो सौदा आणि सरकारी भाव यांतल्या जी वाटी मोठी तिच्यावर. म्हणजे मी दोन लाख कमी केले त्याचा आनंद शेठजींपुरता, सरकारला त्याचं सोयरसुतक नाही. मी म्हटलं, मग तीन आठवडे घसा कशाला कोरडा केला? मामा शांतपणे म्हणाले, शेठजीशी केला ते बराबर केलं, सरकार घासाघीस करत नसतं. शुल्क शंभराला सहा, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. वर नोंदणीचा शंभराला एक, तो तीस हजारांवर जात नाही, पण आपला नेमका तीस हजारच. मी हिशेबात यातलं काहीच धरलं नव्हतं.

मग मामांनी मोठी वाटी थोडी सरकवली. घर बाईमाणसाच्या नावावर घेतलं तर शुल्कात शंभराला एक माफ. तीस लाखांवर तीस हजार. "नोंदणी फुकटात पडते, जावईबापू. पण एकल्या बाईचं नाव पाहिजे. संगं पुरुषाचं नाव आलं की माफी गेली." मंगल दारात उभी होती. ती म्हणाली, तुम्ही दोघं ठरवा, आणि आत गेली. तीस हजार ही माझ्यासाठी लहान रक्कम नव्हती. मी हो म्हटलं. त्याच दुपारी मामांनी माझ्या समोर बसून पाच टक्क्यांच्या हिशेबानं शुल्काचं चलन भरून घेतलं, आणि माझ्या खात्यात महिनाअखेरीपुरतं दूधपाणी उरलं.

हो म्हटलं खरं, पण ते घशाखाली उतरेना. कर्ज माझ्या पगारावर, वीस वर्षं हप्ते माझे, आणि कागदावर मी कुठंच नाही. कंपनीत एकजण म्हणाला, म्हणजे तू आता भाडेकरूच की रे, मालक बदलला फक्त. सगळे हसले, मीही हसलो. थोरल्या भावाचा फोन आला, तो हसलाही नाही. म्हणाला, असं कोणी करतं का? मी चार दिवस धड जेवलो नाही. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, आज लिहून राहिलो आहे, म्हणून सांगतो. रजिस्ट्रीच्या आदल्या संध्याकाळी मी एकटाच टाइप करणाऱ्याकडं गेलो. खरेदीखतात विकणाऱ्याला "लिहून देणार" म्हणतात आणि घेणाऱ्याला "लिहून घेणार". मी म्हटलं, लिहून घेणार क्रमांक एक माझं नाव टाका, क्रमांक दोन मंगलचं. त्यानं विचारलं, मामांना विचारलंय ना? मी हो म्हटलं. चलन पाच टक्क्यांचं भरलेलं आहे हे त्या रागाच्या भरात मला सुचलंही नाही, की सुचलं आणि मी तिकडं बघितलं नाही, हे आज सांगता येत नाही.

इकडं आमच्याकडंच मुक्कामाला राहिलेल्या मामांचा वेगळाच बंदोबस्त चालू होता. रजिस्ट्रीत यंत्रावर अंगठा द्यावा लागतो, आणि भांडी घासून घासून बायकांच्या अंगठ्याच्या रेघा पुसट होतात, मग यंत्र घेत नाही. म्हणून त्यांनी पाच दिवस आधीच मंगलला भांडी बंद केली. राखेची, साबणाची, कसलीच नाही. पाच दिवस भांडी मी घासली. मामा ओट्याशी खुर्ची टाकून बसायचे आणि कढईच्या बुडाकडं बोट दाखवायचे. रोज रात्री मंगलच्या दोन्ही अंगठ्यांना ते खोबरेल लावायला सांगत आणि सकाळी उजेडात धरून तपासत. ती हसायची. इतकं हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं, आणि ते बघूनही मी टाइपवाल्याकडं गेलो.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार होता. मार्चअखेर म्हणून रजिस्ट्री ऑफिसात मुंगीला जागा नव्हती. एप्रिलपासून सरकारी भाव वाढणार, अशी कुजबुज होती. शेठजींचं रात्रीचं पुण्याचं तिकीट होतं, सामान कालच गेलेलं. शिवाय शेठजी चौघडिया, म्हणजे दिवसातल्या शुभ-अशुभ वेळा, बघितल्याशिवाय सही करत नाहीत. साडेतीनपासून पाच वाजून पाच मिनिटांपर्यंत शुभ आहे, त्यानंतर रोग नावाची अशुभ वेळ लागते, आणि रोगात त्यांच्या घराण्यात कोणी वाटाणासुद्धा विकला नाही, असं त्यांनी आम्हाला सकाळी, दुपारी आणि परत तीन वाजता सांगितलं होतं. आमचा नंबर येईना. मामा बाकाच्या टोकाला पिशवी छातीशी धरून बसले होते. सकाळी मी त्यांच्या हातात खरेदीखत दिलं तेव्हा त्यांनी ते तीनदा वाचलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी कागद नीट केले, मला परत दिले, चहा पिऊन येतो म्हणून गेले ते पाऊण तासानं आले. मला वाटलं, म्हाताऱ्याची नजर गेली. सुटलो.

पावणेपाचला आमचं नाव पुकारलं. कारकुनानं पहिलं पान उलटलं, चलन बघितलं, परत पहिलं पान बघितलं. म्हणाला, चलन बायकांच्या सवलतीचं आहे, आणि घेणाऱ्यात पुरुषाचं नाव आहे. तीस हजार कमी पडतात. भरा, नाहीतर कागद बदला. मागं लोक उभे होते, लवकर सांगा म्हणाला. मंगलनं माझ्याकडं बघितलं. मी चलनाकडं बघत राहिलो. शेठजींनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, इतकी काय बात आहे, तीस हजार मी फोनवरून भरतो, पुढच्या महिन्यात द्या, पण जल्दी करा, पंधरा मिनिटं राहिली. माझ्या ओठावर हो आलं होतं. वाट मोकळी होती. नाव राहिलं असतं, घर झालं असतं, आणि कोणी काही म्हटलं नसतं.

मंगल फार हळू बोलली. म्हणाली, "मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, तुमचं नाव लिहा." एवढंच. मग ती आपल्या अंगठ्याकडं बघायला लागली.

मामा उठले. त्यांनी पिशवीतून कागदांचा दुसरा संच काढून माझ्या हातात ठेवला. त्यात लिहून घेणार एकच होती. चहाच्या नावाखाली गेले तेव्हा त्यांनी तो टाइप करून घेतला होता, संगणकावरची नोंदही वेगळी करून ठेवली होती. म्हणजे त्यांना सकाळपासून माहीत होतं. मला आता ते ओरडतील असं वाटलं. चार लोकांसमोर ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सकाळीच सांगणार होतो," ते म्हणाले. "पण जबरदस्तीची सही मी आयुष्यात घेतली न्हाई. म्हन्लं, तुमच्या मनानं व्हऊ द्या. शेठजीकडून घ्यायचे तर घ्या पैसे. मी काई बोलनार न्हाई."

आणि मग, मला वाटतं आपण बोललो हे त्यांनाही कळलं नसावं, ते माझ्याकडं न बघता मंगलकडं बघत म्हणाले, "अंबडच्या घराचं हक्कसोडपत्र मीच लिहिल्तं, पोरी. तुज्या आईचं. चतुःसीमा लिहिली, दोन साक्षीदार आनले, समदं बराबर. तू तिच्या मांडीवर होतीस. तिला वाचून दाखवाया लागलो तर म्हन्ली, दादानं लिहिलंय, वाचायचं काय त्यात? अन् सही केली. म्या एक साडी दिल्ती तिला. पुढं तुजे वडील गेले, ती सहा वर्षं किरायाच्या खोलीत राह्यली, तिथंच गेली. एकदाबी म्हन्ली न्हाई, दादा, एक खोली दे." त्यांनी चष्मा काढला. "एक टक्का तर सरकारनं काढला म्हणून सापडला मला. मी बहानाच शोधून राह्यलो होतो."

माझी सासू मी बघितलेली नाही. पण ती खोली बघितली आहे, मंगलनं एकदा अंबडला रस्त्यावरून दाखवली होती. एक खिडकी होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती लपवायला म्हणून मी मोठ्या आवाजात कारकुनाला म्हटलं, हा पहिला कागद फाडा, हा दुसरा घ्या. कारकून म्हणाला, तुम्हीच फाडा. मी फाडला.

नव्या कागदावर दोघांच्या सह्या होईपर्यंत पाच वाजले. मंगल यंत्रासमोर बसली, अंगठा ठेवला, आणि पहिल्या झटक्यात यंत्रानं तो घेतला. पाच दिवसांच्या भांड्यांचं चीज झालं. आणि शेठजींचा अंगठा लागेना. एकदा नाही, दोनदा नाही, तिसऱ्यांदाही नाही. कापसाच्या गाठी आणि नोटा यांत त्या अंगठ्याच्या रेघा झिजून गेल्या होत्या. पाच वाजून दोन मिनिटं झाली, शेठजींच्या कपाळावर घाम आला, आणि ते हात मागं घ्यायला लागले, की आता रोग लागतो, पुढच्या महिन्यात पाहू. मामांनी त्यांचं मनगट धरलं, अंगठा शेठजींच्याच घामेजल्या कपाळावर घासला आणि यंत्रावर दाबून धरला. लागला. शेठजींनी घड्याळ बघितलं, एक मिनिट उरलं होतं. त्यांनी मामांच्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं. मामांनी मागं सरकून त्यांना कागदावरची ओळखदाराची, म्हणजे ओळख पटवणाऱ्या साक्षीदाराची, सही दाखवली आणि म्हणाले, वरची जागा रिकामी आहे, रेघ ओढा.

घरी येताना मंगल माझ्याशी बोलली नाही. यावेळचं गप्प बसणं वेगळं होतं, ते मला ओळखू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न सांगता भांडी घासायला बसलो. ती दारात येऊन उभी राहिली, थोड्या वेळानं म्हणाली, कढई राहू द्या, ती तुम्हाला जमत नाही. तेवढ्यावर मला हायसं वाटलं.

अक्षय्य तृतीयेला आम्ही राहायला गेलो. त्याच्या आदल्या आठवड्यात ताई धावड्याहून सहीसाठी येणार होती. मसुदा मी बाहेरून करून ठेवला होता, भावानं साडीही आणून ठेवली होती. मी तिला फोन केला आणि म्हटलं, सहीला येऊ नकोस, माझं आणि दादाचं बोलणं होऊ दे, तू घर बघायला ये. तिनं विचारलं, काही झालंय का रे? मी म्हटलं, काही नाही. भावाशी अजून वाद चालू आहे आणि तो बराच दिवस चालेल.

मामा दुपारच्या बसनं आले. हल्ली त्यांचे पाय दुखतात, रिक्षातून उतरायलाही हात द्यावा लागतो. सवयीनं ते दाराबाहेर थांबले, मान चारी दिशांना फिरवली आणि तोंडातल्या तोंडात म्हणायला लागले, पूर्वेस डांबरी रस्ता, पश्चिमेस शेठजींच्या भावाचं घर, दक्षिणेस नाली, उत्तरेस पिठाची गिरणी. मग आत आले, खुर्चीच्या कडेवर टेकले. मंगलनं तांब्या पुढं केला. मामांनी त्याला हात लावला नाही.

"घर नावावर कोणाच्या?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, रजिस्ट्री ऑफिसातल्या कारकुनालाही माहीत होतं.

"माझ्या," मंगल म्हणाली.

मामांनी तिला परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला बोलावंसं वाटलं, की मामा, पाणी गरम होऊन राहिलंय. पण ते कागदही तीनदा वाचतात, हे आठवून मी गप्प राहिलो. तिसऱ्यांदा उत्तर देता देता मंगलला रडू आलं. मग मामांनी तांब्या उचलला आणि खुर्चीला पाठ टेकून, सावकाश, सगळं पाणी प्याले.